प्रतिध्वनीने किती बोलावे?

साहित्यविषयक लेखांच्या पंक्तीत इलेक्ट्रिक गिटारच्या पेडलवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. तेव्हा आधी खुलासा. मी पेशाने मराठीचा शिक्षक आणि हौसेने अगदी सामान्य दर्जाचा गिटारवादक आहे. काही वर्षांपूर्वी एक वापरलेले ॲनलॉग डिले पेडल माझ्याकडे आले. ते मनासारखे वाजावे म्हणून मी जी खटपट केली, तिच्यातून पुनरुक्ती आणि टीका या दोन गोष्टींविषयीची माझी काही जुनी मते डळमळीत झाली. ती मते माझ्या एकट्याची नसावीत, असे वाटल्यामुळे हे लिहीत आहे.

या खटपटीला इंग्रजीत जो शब्दप्रयोग आहे, त्यात नुसती तबकडी फिरवण्याची क्रिया आहे. मराठीत 'लावणे' हे अधिक समर्थ क्रियापद आपल्याकडे आहे. आपण तंबोरा लावतो, सूर लावतो, विरजण लावतो आणि कवितेचा अर्थही लावतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. काय करायचे ते ढोबळपणे आधी सांगता येते. किती करायचे ते मात्र त्या त्या वेळी, समोरच्या वस्तूला विचारूनच ठरवावे लागते. पेडलही असेच लावावे लागते.

डिले पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करायची, तळहाताएवढी एक पेटी. ती गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये जोडतात. आलेला सूर ती सरळ पुढे जाऊ देते, त्याची एक प्रत मात्र क्षणभर रोखून धरते आणि मागाहून सोडते. बहुतेक ॲनलॉग पेडलांवर तीन नॉब असतात. प्रत किती वेळाने सोडायची हे पहिला ठरवतो, ती किती वेळा परत यावी हे दुसरा, आणि मूळ सुराच्या तुलनेत तिचा आवाज किती असावा हे तिसरा. नावे कंपनीगणिक बदलतात. बॉस कंपनीच्या १९८१ सालच्या डीएम-२ या पेडलवर त्यांना रिपीट रेट, इंटेन्सिटी आणि इको म्हटले आहे. एमएक्सआरच्या २००८ सालच्या कार्बन कॉपीवर डिले, रिजेन आणि मिक्स. या लेखापुरते मी त्यांना विलंब, पुनरावृत्ती आणि मिश्रण म्हणेन.

पेडले येण्याआधी हे काम टेपवर चाले. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी १९५४ च्या सुमारास दोन टेपरेकॉर्डर वापरून गायकाच्या आवाजामागे एक आखूड, एकेरी प्रतिध्वनी उभा केला. टेपवर आवाज नोंदवणारे डोके आणि तो वाचणारे डोके यांच्यात थोडे अंतर असते. ते कापायला टेपला जो वेळ लागतो, तोच विलंब. एल्व्हिस प्रेस्लीची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांच्या कानात हा परिणाम असेलच.

ॲनलॉग पेडलचा जन्म मात्र हॉलंडमधल्या एका शोधातून झाला. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या संशोधकांनी १९६९ साली 'बकेट ब्रिगेड' नावाची रचना मांडली. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, त्यावरून हे नाव पडले. येथे बादलीच्या जागी सूक्ष्म कपॅसिटर असतो आणि पाण्याच्या जागी विद्युतभार. सुराचा एक घोट पहिल्या बादलीत भरला जातो, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तो पुढच्या बादलीत ओतला जातो आणि रांग संपली की बाहेर पडतो. मात्सुशिता कंपनीच्या एमएन३००५ या प्रसिद्ध चिपमध्ये अशा ४०९६ बादल्या होत्या. घड्याळ सेकंदाला १०,००० वेळा चालले, तर या रांगेतून जायला सुराला सुमारे २०५ मिलिसेकंद लागतात. विलंब वाढवायचा तर बादल्या वाढवता येत नाहीत, घड्याळ मंद करावे लागते.

आमच्या विषयाचा गाभा येथेच आहे. घड्याळ मंद केले की दर सेकंदाला भरल्या जाणाऱ्या बादल्या कमी होतात. जलद कंपनांची, म्हणजे उंच आणि धारदार आवाजांची नोंद घ्यायला तेवढ्या बादल्या पुरत नाहीत. त्या नोंदीतून विकृत आवाज निर्माण होऊ नयेत म्हणून रांगेच्या आधी आणि नंतर गाळण्या बसवाव्या लागतात, आणि त्या उंच कंपने कापून टाकतात. पुनरावृत्तीसाठी हाच गाळलेला सूर पुन्हा रांगेत पाठवला जातो, पुन्हा गाळला जातो. त्यामुळे प्रत्येक खेप आधीच्या खेपेपेक्षा अधिक मंद, अधिक बोथट, अधिक दूरची होत जाते. गिटारच्या सुराची मूळ पट्टी यातून बचावते, कारण नेहमीच्या गिटारच्या सर्वांत वरच्या स्वराचीही कंपने सेकंदाला साधारण १,२०० ते १,३०० इतकीच असतात. नाहीसा होतो तो तारेवर पिक घासल्याचा ओरखडा, छेडण्याच्या क्षणाची धार आणि वरच्या उपस्वरांची चमक.

एका संध्याकाळी मी गिटार काढून त्या जागी माईक जोडला आणि 'शिस्त' हा शब्द उच्चारला. पहिल्या पुनरुक्तीतच 'श' आणि 'स' थकलेले होते, कारण ऊष्म वर्णांची सारी ओळख उंच कंपनांतच असते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला व्यंजने जवळजवळ गळून पडली आणि इकाराचा एक ओलसर ठसा तेवढा उरला. वर्णविचार शिकवताना स्वर आणि व्यंजन यांतला जो भेद मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, तो तेव्हा मला प्रथमच कानांनी कळला. व्यंजने सांगतात, स्वर टिकतात. ओव्हिडच्या कथेतल्या एको या अप्सरेला दुसऱ्याच्या बोलण्याचे फक्त अखेरचे शब्द परत उच्चारता येत. ॲनलॉग पेडलला अखेरचे स्वर उच्चारता येतात.

आता ते लावायचे कसे, याविषयी. पेडल घरी आले त्या दिवशी मी तिन्ही नॉब अर्ध्याच्या पुढे नेऊन वाजवत बसलो होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणारा माझा पुतण्या काही वेळ निमूट ऐकत होता. मग म्हणाला, "काका, आधी तुम्ही वाजवायचं आणि मग पेडलनं. आत्ता पेडल वाजवतंय आणि तुम्ही मधेमधे येताय." त्याने तिन्ही नॉब मागे नेले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याने दाखवलेली पद्धत अशी.

पुनरावृत्ती अगदी कमी करायची, म्हणजे एकच प्रतिध्वनी येईल. मिश्रण मात्र भरपूर ठेवायचे, कारण लावताना तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे. मग तळव्याने तारा दाबून एकच कोरडा ठोका द्यायचा आणि विलंब सर्वांत कमीपासून हळूहळू वाढवत न्यायचा. वीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत दुसरा आवाज वेगळा ऐकूच येत नाही, मूळ सूर नुसता जाडसर वाटतो. शंभराच्या आसपास सन स्टुडिओतला तो आखूड, उसळता प्रतिध्वनी मिळतो. सतरा मीटरवरच्या भिंतीसमोर टाळी वाजवली तर ती साधारण एवढ्याच वेळाने परत येते. तीनशेपाशी दुसरा आवाज पूर्णपणे वेगळा होतो आणि जणू स्वतंत्र वादक म्हणून उत्तर देऊ लागतो.

या पहिल्या उंबरठ्याचा अभ्यास जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ सालच्या आपल्या प्रबंधात केला होता. बोलण्याच्या बाबतीत साधारण तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत आलेला प्रतिध्वनी कान वेगळा मोजत नाही, मूळ आवाजातच मिसळून घेतो. हे वाचताना मला आनंदवर्धनाची आठवण होणे अपरिहार्य होते. वाच्यार्थानंतर व्यंग्यार्थ येतो, म्हणजे त्यांच्यात क्रम असतोच. पण रसादींच्या बाबतीत तो क्रम जाणवत नाही, म्हणून ते असंलक्ष्यक्रम. आणि जेथे तो जाणवतो तेथे संलक्ष्यक्रम. या दुसऱ्या प्रकारासाठी ध्वन्यालोकात अनुस्वानाची, अनुरणनाची उपमा आहे. घंटेचा टोल पडल्यावर मागे रेंगाळणारा नाद तो. साम्य फार ताणू नये, हे मला मान्य आहे. नवव्या शतकातल्या काश्मिरी आचार्याच्या डोळ्यांसमोर मिलिसेकंद नव्हते. तरीही वर्गात हे दोन शब्द समजावताना आता मी दोन टाळ्यांचे उदाहरण देतो आणि मुलांना ते पटकन कळते.

विलंब लावताना दुसरा विचार लयीचा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि पाऊण मात्रा ३७५ ची. पाऊण मात्रेवर येणारा प्रतिध्वनी वादकाच्या दोन सुरांच्या फटीत नेमका पडतो आणि साध्या वाजवण्याची वीण दाट होते. यू-टू या आयरिश बँडचा गिटारवादक द एज याच्या शैलीचा हा पाया. सुरुवातीच्या काळात त्याचे साधन होते इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे मेमरी मॅन हे ॲनलॉग पेडल. माझ्या पेडलची धाव जेमतेम ३०० मिलिसेकंद. तेव्हा पाऊण मात्रा हवी तर मला लय १५० पर्यंत तरी चढवावी लागते, आणि ती माझ्या बोटांना झेपत नाही. साधनाची मर्यादा आणि वादकाची मर्यादा यांचा असा मेळ बसला की माणूस आपोआप साध्या गोष्टींकडे वळतो.

मग पुनरावृत्ती. ती वाढवत न्यायची आणि तिसरी-चौथी खेप पुढच्या सुराच्या पायात येऊ लागली की थांबून थोडे मागे यायचे. शेवटी मिश्रण, आणि हेच सर्वांत कठीण. पुतण्याचा नियम असा: वाजवत असताना प्रतिध्वनीकडे लक्ष जाऊ नये, पण पेडल बंद केले की चुकल्याचुकल्यासारखे वाटावे. हा बिंदू नॉबच्या अगदी थोड्या अंतरात असतो, आणि पहिल्या उत्साहात कोणालाही वाटते त्यापेक्षा तो बराच मागे असतो.

पेडलांच्या जगातही पाककृती फिरत असतात: विलंब दहावर, पुनरावृत्ती नऊवर, मिश्रण अकरावर, असे घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत. नवशिक्याला त्यांचा आधार वाटतो, मलाही वाटला. पण एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या दोन पेडलांतही सुटे भाग तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे 'दहा'चा अर्थ दोन्हीकडे एकच निघेल याची खात्री नाही. शिवाय घरच्या खोलीत बेताचे वाटणारे मिश्रण सभागृहात जास्त होते, कारण सभागृहाला स्वतःचा घुमारा असतो. ओव्हरड्राइव्हचे पेडल डिलेच्या आधी जोडले तर प्रतिध्वनी शहाण्यासारखे मागे राहतात. नंतर जोडले तर ओव्हरड्राइव्ह त्या दबलेल्या खेपांनाही मूळ सुराच्या बरोबरीला उचलतो आणि सगळ्याचा चिखल होतो. पाककृतीत हे काही येत नाही. आपल्याकडे परीक्षेच्या गाइडांतून कवितेचे रसग्रहण जसे तयार मिळते, तसाच हा प्रकार. गाइडातील प्रत्येक वाक्य एखाद वेळी खरेही असते. फक्त ते या खोलीत, या कवितेसाठी लावलेले नसते.

ॲनलॉग पेडलविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की ते उबदार, जिवंत, अस्सल असते आणि डिजिटल म्हणजे निर्जीव. दुसरा पक्ष म्हणतो की हा निव्वळ स्मरणरंजनाचा धंदा आहे. बॉसनेच १९८३ साली डीडी-२ हे डिजिटल पेडल काढून आठशे मिलिसेकंदांपर्यंतच्या लख्ख प्रती दिल्या आणि तेथे प्रश्न मिटला. पहिल्या पक्षाला सांगावेसे वाटते की ही ऊब कोणा अभियंत्याने हौसेने घातलेली नाही. बादल्या कमी आणि खरखर जास्त, या अडचणीतून काढलेली ती वाट आहे. ही खरखर दाबण्यासाठी सुराची उंचसखल आधी आवळायची आणि नंतर पुन्हा सैल करायची, अशीही युक्ती या पेडलांत केलेली असते. त्यात कसलीही गूढता नाही.

दुसऱ्या पक्षाशी माझा मतभेद अधिक खोल आहे. लख्ख प्रत हीच श्रेष्ठ प्रत, असे तो धरून चालतो. पण मी दुसरा सूर छेडतो तेव्हा पहिल्या सुराची तंतोतंत प्रत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, तर दोघांत भांडण लागते, कारण दोघांनाही एकाच जागेवर, त्याच धारेसह उभे राहायचे असते. ॲनलॉग प्रत आपली धार मागे ठेवून येते, म्हणून ती नव्या सुराला जागा देऊ शकते. आज डिजिटल पेडलांतही 'ॲनलॉग' नावाची सोय दिलेली असते आणि तेथे गणिताने मुद्दाम हा ऱ्हास घडवून आणतात, हे बोलके आहे. म्हणजे प्रश्न यंत्राच्या जातीचा नाही. परत येणाऱ्या आवाजाने मूळ आवाजापेक्षा कमी असावे, आणि प्रत्येक खेपेला अधिक कमी होत जावे, ही ऐकण्याचीच गरज आहे.

पुनरुक्तीविषयीचे माझे मत डळमळले ते यामुळे. मम्मटाने पुनरुक्ताला अर्थदोषांत गणले आहे आणि निबंध तपासताना मीही त्याखाली निमूटपणे लाल रेघ मारत आलो आहे. त्याच वेळी अभंगाचे ध्रुवपद पुनःपुन्हा ऐकताना मला कधी कंटाळा आला नाही. ध्रुवपद परत येते तेव्हा अक्षरे तीच असतात. पण कडव्याने मधल्या वेळात पुष्कळ काही सांगितलेले असते आणि ध्रुवपदाला आता नवे सांगायचे नसते. टाळकरी ते उचलतात तेव्हा शब्दांच्या कडा एकमेकांत मिसळून जातात, कोणी त्यांचा नव्याने अर्थ शोधत बसत नाही. त्यांचे सांगणे संपलेले असते, सोबत उरलेली असते. दोष ठरते ती पुनरुक्ती, जी दुसऱ्यांदाही पहिल्याइतक्याच आवेशाने सांगू पाहते.

आणि आता माझ्या स्वतःच्या धंद्याविषयी. कवितेचे अध्यापन आणि कवितेची टीका या दोन्ही गोष्टी मूळ शब्दामागून येणाऱ्या आहेत. त्यांनाही विलंब, पुनरावृत्ती आणि मिश्रण असते. मी एक कविता जवळजवळ वीस वर्षे शिकवली. दरवर्षी माझे विवेचन वाढत गेले: नवे संदर्भ आले, इतर समीक्षकांची मते आली, त्या मतांवरची माझी मते आली. एका वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली आणि फार संकोचाने म्हणाली, "सर, घरी वाचली तेव्हा कविता आवडली होती. आता ती ऐकूच येत नाही." मी तिला काहीतरी पंडिती उत्तर दिले. ते काय होते हे आज आठवत नाही, पण तिचे वाक्य आठवते. पुतण्याने जे सांगितले ते तिने कितीतरी आधी सांगितले होते. तेव्हा माझ्याजवळ ते ऐकण्याचे साधन नव्हते.

पुनरावृत्तीचा नॉब एका मर्यादेपलीकडे नेला की परत येणारी प्रत गेलेल्या प्रतीपेक्षा मोठी होते. मग पेडल स्वतःशीच बोलू लागते. गिटारची तार काढून घेतली तरी ते वाढत्या आवाजात ओरडत राहते. आपल्या समीक्षेत आणि प्रबंधलेखनात हे पाहिले नाही असे कोणी म्हणू शकेल का? एका टीकेवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि ज्या कादंबरीवरून हे सारे सुरू झाले ती कपाटातून काढलीही जात नाही. आवाज मात्र वाढतच असतो.

यावर एक योग्य आक्षेप येऊ शकतो. जमैकात, किंगस्टनमध्ये, किंग टबी यांच्यासारख्या ध्वनितंत्रज्ञांनी १९७० च्या दशकात नेमक्या या ओसंडणाऱ्या प्रतिध्वनीतून डब ही कला घडवली. मूळ गाणे मागे सारून त्यांनी प्रतिध्वनीलाच नायक केले. मग टीकेनेही स्वतंत्र निर्मिती का होऊ नये? व्हावी, अशी टीका मी वाचली आहे आणि तिच्यावर प्रेमही केले आहे. पण डब ऐकताना लक्षात येते ते त्या तंत्रज्ञाचे नियंत्रण. तो एखादाच शब्द, एखादाच ठोका प्रतिध्वनीत सोडतो आणि बाकीचे गाणे कापून टाकतो. ओसंडू द्यायचे तर सोडायचे फार थोडे, असा तोही एक हिशेबच आहे. सगळे सोडून सगळे ओसंडू देणे हे त्याने कधी केले नाही.

यंदा ती कविता मी पुन्हा शिकवली. आधी नुसती वाचली, मग थांबलो. हे थांबणे फार लांबले तर वर्गाची चुळबुळ सुरू होते आणि आखूड ठेवले तर माझे बोलणे कवितेतच मिसळून जाते, म्हणून तेही लावावे लागले. त्यानंतर दोन ठिकाणी बोललो, आणि पूर्वीपेक्षा खालच्या आवाजात. शेवटी कविता पुन्हा एकदा वाचली. तासाची पंधरा मिनिटे उरली होती, तेवढ्यात मुलांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन मला नवे होते. प्रमाण अजून बरोबर आले आहे, असे मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी वर्ग वेगळा असेल, खोलीही कदाचित वेगळी मिळेल, आणि सुरुवात पुन्हा पहिल्या नॉबपासून करावी लागेल.